स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं पुनर्वसन आणि सांभाळणाऱ्यांना साथ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणातही रोजची कामं माणसाला जमत राहावीत यासाठी मदत करते. गेली बरीच वर्षं पुण्यात स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी जाऊन काम करते. माझ्या सासूबाईंनाही हाच आजार होता आणि सात वर्षं त्या आमच्याकडेच होत्या. खालचे प्रश्न लोकांनी मला दारात चपला घालताना, जिन्यात थांबवून किंवा रात्री अकरा वाजता फोन करून विचारलेले आहेत, कारण आत, आजारी माणसासमोर ते विचारता येत नाहीत. ही उत्तरं डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वापरू नका. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत जे विचारायचं राहून जातं, त्यासाठी ती लिहिली आहेत.

वयोमानाने विसरतात तसंच हे आहे, की आजार आहे?

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, एखादं नाव ओठांवर येऊन अडकतं आणि तासाभराने आठवतं, हे सगळ्यांचंच होतं. आजारात विसरण्याबरोबर रोजचं करणंसवरणंही बिघडतं. चाळीस वर्षं पुरणपोळ्या करणारी बाई पुरणात गूळ घालायचं विसरते, आणि पानात वाढल्यावरही काही चुकलंय हे तिच्या लक्षात येत नाही. ज्यांनी आयुष्यभर पतपेढीचे हिशेब ठेवले, ते दूधवाल्याचे पैसे एका महिन्यात तीनदा देतात. रोजच्या भाजीवाल्याकडून परत येताना वळण चुकतं. सहा महिने-वर्षभरात असा फरक घरच्यांना जाणवत असेल, तर तपासून घ्यायला हवं.

सुरुवात नेहमी विसरण्यानेच होते असंही नाही. काहींचा आधी स्वभाव बदलतो. मवाळ माणूस चारचौघांत वाटेल ते बोलायला लागतो, आणि हे पन्नाशीतही होऊ शकतं. काहींना खोलीत नसलेली मुलं किंवा प्राणी दिसतात. काहींना साधे शब्द सापडत नाहीत. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण हे सगळं सोडून देतो आणि त्यात दोन-तीन वर्षं हातची जातात, याचं मला फार वाईट वाटतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे.

अल्झायमर आणि डिमेन्शिया एकच का?

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, हे लक्षणांच्या गटाचं नाव आहे. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. जगभरातल्या ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये ते आढळतं. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन मांडलं. याशिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा (हा पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने वाढतो), ल्युई बॉडीचा (मेंदूच्या पेशींत या नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचून होणारा), मेंदूच्या पुढच्या भागाचा असे प्रकार आहेत. आपल्या माणसाला नेमका कोणता, हे डॉक्टरांना विचाराच. औषधं आणि पुढची तयारी त्यावर ठरते.

कोणाकडे दाखवायचं, आणि तपासणीत काय बघतात?

न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धांच्या आजारांचे डॉक्टर. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, तिथे जा.

पहिलं काम असतं, बरं होण्यासारखं काही कारण आहे का ते शोधण्याचं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, सोडियम कमी होणं, नैराश्य, महिन्याभरापूर्वी पडल्यामुळे डोक्यात साठलेलं रक्त, मेंदूतलं पाणी वाढणं, या सगळ्यांमुळे माणूस स्मृतिभ्रंश झाल्यासारखा वागतो, आणि वेळेत उपचार झाले तर सुधारतो. झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि लघवी रोखून धरण्याच्या काही गोळ्यांनीही डोकं गोंधळतं. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, मेडिकलवाल्याने ‘सहज’ दिलेल्यासुद्धा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. काल बरं असलेलं माणूस आज अचानक बरळायला लागलं, दिवसा पेंगून रात्री उठून फिरायला लागलं, तर ‘आजार वाढला’ म्हणून थांबू नका. बहुतेकदा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, ताप, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी कमी होणं असं काहीतरी निघतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हा आजार बरा होत नाही म्हणतात. मग पुनर्वसन कशाचं करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि माझं सगळं काम याच प्रश्नाशी आहे. गेलेली आठवण आम्ही परत आणू शकत नाही. पण आज जे जमतंय ते जास्तीत जास्त दिवस जमत राहावं, माणसाने स्वतःच्या हाताने जेवावं, स्वतःचे कपडे घालावेत, घरात आपला काही उपयोग आहे असं त्याला वाटावं, यासाठी पुष्कळ करता येतं.

एका निवृत्त शिक्षिकेच्या घरचं उदाहरण सांगते. सून म्हणाली, ‘आईंना आता चहासुद्धा जमत नाही, ओट्यापाशी रडत उभ्या राहतात.’ मी त्यांना चहा करायला सांगितलं आणि बाजूला उभी राहून मोजत राहिले. पातेलं घेतलं, दोन कप पाणी मोजून ओतलं, गॅस पेटवला, आलं किसलं, सगळं नीट. मग साखरेसाठी त्यांनी कपाट उघडलं. आत एकसारखे स्टीलचे अकरा डबे. पहिल्या डब्यात रवा निघाला, दुसऱ्यात डाळं. तिसरा उघडेपर्यंत आपण काय शोधत होतो हेच त्या विसरल्या. चौदा टप्प्यांपैकी तेरा त्यांना येत होते, आणि अडत होतं ते एका टप्प्यावर. आम्ही साखर आणि चहापत्तीच्या दोन काचेच्या बरण्या ओट्यावर ठेवल्या, बाकी ओटा मोकळा केला आणि गॅस बंद करायला सुनेने जवळ उभं राहायचं ठरलं. त्यानंतर दीड वर्ष त्या सकाळचा चहा करत होत्या.

पुनर्वसन म्हणजे हेच. काम टप्प्यांत मोडायचं, कुठे अडतंय ते बघायचं, तेवढंच सोपं करायचं आणि बाकीचं त्यांच्या हातून काढून घ्यायचं नाही. मायेपोटी आपण सगळंच काढून घेतो. पोळी लाटता येत नाही म्हणून स्वयंपाकघरातूनच बाहेर बसवतो. कणकेचे गोळे त्यांना अजून करता येत असतात.

दिवसभर काय करायला द्यायचं? शब्दकोडी, सुडोकू, मोबाइलवरचे खेळ?

आधी आवड होती का ते बघा. जन्मात शब्दकोडं न सोडवलेल्या माणसापुढे ते ठेवलं, तर त्याला फक्त नापास झाल्यासारखं वाटतं. मेंदूला चालना देण्याची गटात घ्यायची एक पद्धत आहे, आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, अशी चौदा सत्रं. सौम्य ते मध्यम टप्प्यात तिचा उपयोग होतो हे अभ्यासांतून दिसलंय. तिथेही भर बरोबर उत्तरावर नसतो, गप्पांवर असतो. जुने फोटो, खाण्याचे पदार्थ, सणवार, पूर्वीचे भाव यावर बोलायचं. दोन तोळे सोनं तेव्हा केवढ्याला घेतलं होतं, ही आठवण अनेकांची शाबूत असते.

घरी मात्र मी खऱ्या कामांवर जास्त विसंबते. मटार सोलणं, लसूण निवडणं, वाती वळणं, कपड्यांच्या घड्या, तुळशीला पाणी, फुलांचा हार. लहानपणी पाठ केलेले श्लोक, अभंग, ओव्या, पाढे फार उशिरापर्यंत टिकतात. नातवाचं नाव न आठवणारे आजोबा पावकीचा पाढा घडाघडा म्हणताना मी ऐकले आहेत. घड्या वाकड्या आल्या तरी समोर उलगडून पुन्हा घालू नका.

एका घरी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. पहाटे साडेपाचला तयार होऊन ‘डेपोत जायचंय, उशीर होतोय’ म्हणायचे. बायको अडवायची, की धक्काबुक्की. आम्ही त्यांना जुनी कातडी बॅग आणि वाटीभर सुटी नाणी दिली. रोज सकाळी रुपये, दोन रुपये, पाच रुपये वेगळे करून गड्ड्या लावायचे, मग मुलाबरोबर चौकापर्यंत फेरी. परत आले की स्वतःच म्हणायचे, ‘झाली ड्यूटी.’ भांडण थांबलं.

एकच प्रश्न दिवसातून पन्नासदा विचारते. किती वेळा उत्तर देऊ?

शक्य तितक्या वेळा, शक्य तितक्या थोडक्यात. ‘आत्ताच तर सांगितलं!’ हे वाक्य मात्र टाळा. तिच्यासाठी तो प्रश्न पहिलाच असतो, आणि आवाजातला राग मात्र तिला बरोबर कळतो. ‘बाबा कधी येणार?’ या प्रश्नामागे बहुतेकदा काळजी असते. हात हातात घेऊन, शेजारी बसून, काहीतरी खायला देऊन ती कमी होते. काही घरी पाटीवर ‘आज मंगळवार. बाबा सात वाजता येतील’ असं लिहून ठेवल्याने फरक पडतो. वाचता येतंय तोवरच. आणि तुमचा कधी आवाज चढला, तर त्यासाठी स्वतःला खात बसू नका. माझाही चढलाय.

संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. हे तर त्यांचंच घर आहे!

तिन्हीसांजेला ही घालमेल वाढणं या आजारात फार सर्रास दिसतं. दिवसभराचा थकवा, कमी होणारा उजेड, लांबणाऱ्या सावल्या, घरात एकदम सुरू होणारी गडबड, सगळं एकत्र येतं. दिवेलागणीच्या आधीच सगळे दिवे लावा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. चारनंतर चहा-कॉफी नको. पाचच्या सुमारास अंगणात किंवा गच्चीत थोडं चालणं होऊ द्या.

आता माझी चूक सांगते. सासूबाई रोज संध्याकाळी म्हणायच्या, ‘आईकडे जायचंय, वाट बघत असेल.’ पहिलं वर्षभर मी खरं सांगत राहिले, ‘आई जाऊन तीस वर्षं झाली.’ प्रत्येक वेळी त्यांनी ती बातमी पहिल्यांदाच ऐकली आणि प्रत्येक वेळी त्या तशाच रडल्या. मी शिकले-सवरलेली, याच कामातली, आणि घरात मला हे दिसत नव्हतं. मग एकदा मी विचारलं, ‘आई काय करत असतील आत्ता?’ त्या म्हणाल्या, ‘भाकऱ्या थापत असेल. मला पहिली भाकरी पापुद्रा काढून देते.’ आणि बोलता बोलता त्या शांत झाल्या. लोक विचारतात, हे खोटं बोलणं नाही का? मी खोटं काहीच बोलले नाही, फक्त त्या जिथे होत्या तिथे त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

कामवालीवर, सुनेवर चोरीचा आळ घेतात.

वस्तू स्वतःच लपवून ठेवतात आणि ठेवल्याचं विसरतात, म्हणून ‘कोणीतरी नेली’ हाच अर्थ त्यांना लागतो. वाद घालू नका, ‘चला, शोधू या’ म्हणा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात. उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा, देवघराचा कप्पा. कचरा टाकण्याआधी बघत जा. चष्मा, किल्ली, पाकीट यांची दुसरी जोडी असू द्या. आणि सुनेवर आळ आला, तर नवऱ्याने तिच्या बाजूने उभं राहायला हवं, तेही सगळ्या नातेवाइकांसमोर. या आजारात सुनांनी जे ऐकून घेतलंय त्याची मोजदाद कुठेच नाही.

अंघोळीला अजिबात तयार होत नाहीत.

उघडं होण्याची लाज, थंडी, डोक्यावर पडणाऱ्या पाण्याची भीती, ओल्या फरशीची भीती, यांपैकी काय आहे ते आधी ओळखा. त्यांच्या जुन्या वेळीच अंघोळ ठेवा. बादली, तांब्या, सवयीचा साबण, बसायला प्लास्टिकचं स्टूल. पाणी पायांपासून घ्यायला सुरुवात करा, खांद्यावर पंचा राहू द्या, तांब्या त्यांच्या हातात द्या. ‘अंघोळ करायची का?’ असं विचारलं की ‘नको’ हेच उत्तर येणार, त्यापेक्षा ‘पाणी तापलंय, मग पूजेला बसू’ म्हणून पाहा. एखाद्या दिवशी नाहीच झाली तर ओल्या पंचाने अंग पुसून घ्या. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा आपला संस्कार आहे, आजाराला तो ठाऊक नाही.

घरात काय बदल करावेत?

थोडे आणि हळूहळू. संडास-बाथरूमची आतली कडी काढा, धरायला दांडा बसवा, पायपुसणी आणि सरकणारे गालिचे हटवा, रात्री संडासापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा ठेवा. काम नसेल तेव्हा गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. फिनेल, ॲसिड, गोळ्या कुलपात. आरशात ‘कोणीतरी परकं’ दिसायला लागलं तर आरसा झाका. पांढऱ्या ताटात दहीभात दिसत नाही, म्हणून ताटाचा रंग वेगळा निवडा. आणि या काळात घराचं नूतनीकरण काढू नका, पलंगाची जागाही शक्यतो बदलू नका.

औषधांनी किती फरक पडतो? नवीन इंजेक्शनं आली आहेत ना?

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन, मेमँटिन ही औषधं काही जणांमध्ये लक्षणं काही काळ सावरून धरतात, मूळ आजार थांबवत नाहीत. लेकॅनेमॅब, डोनानेमॅब ही नवी औषधं अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहेत. त्यासाठी मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) असल्याचं तपासून घ्यावं लागतं, वारंवार एमआरआय करावा लागतो आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. मध्यम किंवा पुढच्या टप्प्यातल्या माणसासाठी ती नाहीत, त्यामुळे कोणी भुरळ घातली तरी दागिने मोडू नका.

चिडचिड, मारहाण यांसाठी शांत ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये यांतल्या काही गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, आणि ल्युई बॉडीच्या प्रकारात तर त्या फार जड जातात. कधी कधी त्यांच्यावाचून इलाज नसतो. तेव्हा कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, आणि ‘बंद कधी करायची?’ हे त्याच भेटीत विचारायचं. चिडण्यामागे दुखणं, दात, बद्धकोष्ठ, भूक यांपैकी काही नाही ना, हेही तपासा.

जेवताना ठसका लागतो, वजन उतरतंय.

ताठ बसवून, टीव्ही बंद करून, छोट्या चमच्याने, सावकाश. मऊ खिचडी, घट्टसर पेज, शिरा, कुस्करलेलं केळं चालतं. चिवडा, शेंगदाणे, कोरडी भाकरी टाळा. पाण्यासारख्या पातळ पदार्थांनीच ठसका जास्त लागतो, हे अनेकांना माहीत नसतं. स्पीच थेरपिस्ट गिळण्याची तपासणी करतात. अगदी शेवटच्या टप्प्यात नाकातून नळी घालायची का हा प्रश्न येतो. नळीने आयुष्य वाढतं किंवा ठसका थांबतो असं दिसलेलं नाही, हाताने मायेने जितकं भरवता येईल तितकं भरवणं हेच तज्ज्ञ सुचवतात. हा निर्णय रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये घाईत घ्यावा लागू नये, म्हणून घरी आधी बोलून ठेवा.

एकटेच बाहेर पडले आणि हरवले तर?

पहिल्या अर्ध्या तासात शेजारी, वॉचमन, रिक्षा स्टँड, देऊळ, जुनं घर आणि जुनी नोकरीची जागा बघा. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ ला फोन करावा, ‘चोवीस तास थांबा’ असा काही नियम नाही. आजच करून ठेवायच्या गोष्टी: खिशात नाव-फोनची चिठ्ठी, सदऱ्याच्या आतून शिवलेला नंबर, मोबाइलमध्ये ताजा फोटो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आजाराची कल्पना. लाज वाटून लपवलं तर तेच लोक मदत करू शकत नाहीत.

मीच थकले आहे. कधी कधी वाटतं, सुटावेत एकदाचे. मी वाईट आहे का?

नाही. असं वाटणं मी इतक्या घरांत ऐकलंय की ते लिहून ठेवायला मला संकोच वाटत नाही. त्यात दुष्टपणा नाही, झोप न मिळालेल्या माणसाचं ते दुःख आहे. समोरचा माणूस जिवंत आहे आणि तरी रोज थोडा थोडा जातोय, म्हणजे तुम्ही आधीपासूनच शोकात आहात, आणि त्या शोकाला कोणी भेटायला येत नाही.

सांभाळणाऱ्याचं आजारपण हा माझ्या मते याच आजाराचा दुसरा भाग आहे आणि त्यावर उपचार थांबवून चालत नाही. गोव्यात यावर झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. तिथे मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेच्या मंडळींनी ८१ कुटुंबं घेऊन एक अभ्यास केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जायचे, आजाराची माहिती द्यायचे, रोजची कामं कशी करायची ते दाखवायचे, ऐकून घ्यायचे, आणि मागे डॉक्टर असायचे. एवढ्याने सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. कोणतंही महागडं यंत्र नाही, फक्त पंधरवड्यातून एकदा कोणीतरी दारात येणं.

तुमच्यासाठी मी तीन गोष्टींचा हट्ट धरते. आठवड्यातले निदान चार तास संपूर्ण तुमचे, आणि त्या वेळी घरात दुसरं माणूस असेल. तुमचं बीपी, साखर, गुडघे यांची तपासणी त्यांच्याच भेटीबरोबर. आणि एक असं माणूस, ज्याच्याजवळ काहीही न झाकता बोलता येईल. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, स्वतःला किंवा त्यांना इजा करावीशी वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

भाऊ अमेरिकेत, बहीण सासरी. सगळं माझ्यावर. मदत मागितली की सल्ले मिळतात.

‘मदत करा’ याऐवजी नेमकं मागा. ‘दर महिन्याला रात्रीच्या बाईचा पगार तू दे.’ ‘दिवाळीनंतरचे दहा दिवस आई तुझ्याकडे.’ ‘मेडिक्लेमचे कागद तू बघ.’ दूर राहणाऱ्याला ऑनलाइन औषधं मागवणं, बिलं भरणं, डॉक्टरांच्या भेटीला व्हिडिओवर हजर राहणं जमतं. आणि परदेशातून आलेल्या मुलासमोर आई दोन दिवस अगदी व्यवस्थित बोलते, हेही होतं. ‘तू उगाच बाऊ करतेस’ असं तो म्हणाला, तर वाद न घालता त्याला एक रात्र एकट्याने आईबरोबर राहू द्या.

बाई ठेवावी का? केंद्रात ठेवणं पाप आहे का?

ब्युरोतून आया किंवा मामा घेताना पोलीस पडताळणी बघा, पहिले चार दिवस स्वतः सोबत राहा आणि ‘त्यांना काय आवडतं, कशाने चिडतात, काय म्हणून हाक मारायची’ हे एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. आया हेसुद्धा सांभाळणारं माणूस आहे, तिलाही आठवड्याची सुट्टी हवी. मोठ्या शहरांत दिवसभरासाठीची केंद्रंही आहेत, सौम्य आणि मध्यम टप्प्यात ती फार उपयोगी पडतात.

कायमचं ठेवण्याबद्दल विचाराल तर पाप-पुण्याच्या भाषेत मी उत्तर देणार नाही. रात्री उचलून बसवायला घरात माणूसच नसेल, किंवा सांभाळणारी स्वतः सत्तरीची असेल, तर चांगलं केंद्र शोधणं हीच काळजी. बघायला न सांगता, जेवणाच्या वेळी जा. लघवीचा वास येतो का, माणसं पलंगाला बांधलेली आहेत का, कर्मचारी त्यांना नावाने हाक मारतात का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

बँक, सही, मृत्युपत्र यांचं काय?

हे निदान झाल्याच्या महिन्याभरात करा, पुढे ढकलू नका. आपल्या कायद्यात माणसाची समज गेली की त्याने दिलेलं मुखत्यारपत्र चालत नाही. नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं, आणि अनेक कुटुंबं इथे अडकलेली मी पाहिली आहेत. समज शाबूत असतानाच खातं संयुक्त करणं, नामनिर्देशन, मृत्युपत्र (सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र) हे उरका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांबद्दलची इच्छा आधी लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. वेळ निघून गेली असेल तर मालमत्तेच्या व्यवहारांसाठी पालक म्हणून नेमणूक मिळवायला न्यायालयात जावं लागतं, त्यासाठी वकील गाठा. पेन्शनरांचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेद्वारे घरूनही देता येतो.

दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळतं का?

मिळू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं तर सवलती मिळू शकतात, आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्रही निघतं. तुमच्यावर अवलंबून असलेल्या अशा नातेवाइकासाठी प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत तुम्हाला ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट आहे. तुमच्या सीएला विचारा.

आईला झाला, म्हणजे मलाही होणार का?

बहुतेकदा हा आजार सरळ वारशाने येत नाही, धोका थोडा वाढतो एवढंच. साठीच्या आत, पिढ्यान्‌पिढ्या दिसत असेल तर मात्र जनुकीय सल्ला घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली आणि ती आयुष्यभर सांभाळली तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असं म्हटलं. बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, एकटेपणा, बैठं जगणं ही त्यांतली ओळखीची. ऐकू कमी येणं आणि दिसायला कमी येणं हीसुद्धा त्यात आहेत, तेव्हा बाबांचं कानाचं यंत्र आणि मोतीबिंदू पुढे ढकलू नका.

आता ती मला ओळखतही नाही. भेटायला जाऊन काय उपयोग?

जा. नाव हरवलं तरी आवाज, वास, स्पर्श यांची ओळख बराच काळ उरते. शेवटच्या वर्षी सासूबाईंसाठी मी ‘ती बाई’ होते. तरी खोबरेल तेलाची वाटी घेऊन मागे बसले की त्या मान आपोआप पुढे झुकवायच्या आणि डोळे मिटायच्या. काय बोलायचं सुचत नसेल तर तेल लावा, नखं कापा, शेजारी बसून शेंगा सोला. ‘मला ओळखलं का?’ असं मात्र विचारू नका. आल्या आल्या आपलं नाव आपणच सांगा.

कोणते नंबर जवळ ठेवू?

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. टेली-मानस १४४१६. तातडीची मदत ११२. १९९२ साली केरळात सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा देशभर आहेत, आपल्या जवळच्या शाखेत सांभाळणाऱ्यांचा गट भरतो का ते विचारा. नंबर मोबाइलमध्ये तर ठेवाच, पण फ्रिजवरही मोठ्या अक्षरांत लिहून लावा. आयाला तुमच्या मोबाइलचं कुलूप उघडता येत नाही.